बेळगाव ते जुनं गोवं, पप्पांच्या पावलांनी

पप्पा गेले त्याला वर्ष होत आलं होतं, तेव्हाच मी मनात ठरवलं की यंदा संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला बेळगावहून चालत जायचं. ते स्वतः 1974 ला गेले होते, त्या वर्षी शवप्रदर्शन होतं, म्हणजे संताचं शव लोकांच्या दर्शनाला ठेवलं होतं, आणि नुकतंच एकाहत्तरचं युद्ध बघून आलेला सव्वीस वर्षांचा माणूस नेमकं काय मागायला एवढं चालत गेला हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. आम्हीही नीट विचारलं नाही, याचं मला आता फार वाईट वाटतं.

28 नोव्हेंबरला पहाटे निघालो, बारा जण. मम्मीने पप्पांची फौजेतली पाण्याची बाटली दिली, ती कापडाचं कव्हर असलेली, आणि म्हणाली, बाळ, फोड आला तर फोडू नकोस, सुईने धागा ओवून तसाच ठेव, ते असंच करायचे. पहिला मुक्काम जांबोटी, दुसरा कणकुंबी. मलप्रभा नदी इथेच उगम पावते, माउलीच्या देवळापाशी, पुढे कर्नाटकात एवढी मोठी होणारी नदी इथे किती लहान आहे हे बघून मी बराच वेळ तिथेच बसून राहिले.

पप्पा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बँडमध्ये होते, क्लॅरिनेट वाजवायचे. लोकांना वाटतं बँडवाले म्हणजे परेडपुरते, पण लढाई सुरू झाली की पलटणीतले बँडवाले स्ट्रेचर उचलतात, जखमींना मागे आणायचं काम त्यांचं. पप्पांनी ते काम केलं. त्याबद्दल ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, की बँडमध्ये सगळं आयुष्य कदम मिलवून चालायला शिकवतात, आणि स्ट्रेचर खांद्यावर आलं की पहिली गोष्ट म्हणजे कदम तोडायचे. सगळ्यांचा पाय एकदम पडला तर स्ट्रेचर हेलकावे खातं आणि वरच्या माणसाला प्रत्येक पावलाला कळ लागते. म्हणून प्रत्येकाने मुद्दाम वेगळं पाऊल टाकायचं, तालात चालायची सवय मोडून.

हे मला चोर्ल्याच्या घाटात आठवलं. आमच्या ग्रुपमध्ये एक मावशी होत्या, सत्तरीच्या, गुडघा दुखत होता पण गाडीत बसायला तयार नव्हत्या, नवस होता त्यांचा. उतारावर त्यांचा हात धरून मी चालत होते आणि माझ्या नेहमीच्या चालीने चालले की त्यांना ओढल्यासारखं होत होतं, त्या काही बोलत नव्हत्या पण चेहऱ्यावर दिसत होतं. मग मी माझी चाल सोडली, त्या थांबल्या की थांबायचं, त्यांचा दुखरा पाय टेकला की मगच माझा पाय उचलायचा. केरीला पोचायला आम्हाला बाकीच्यांपेक्षा अडीच तास जास्त लागले. त्या सगळ्या वेळात आम्ही दोन रोजरी म्हटल्या, म्हणजे जपमाळेची प्रार्थना दोनदा, आणि उरलेला वेळ त्या त्यांच्या मुलाबद्दल बोलत होत्या जो आता नाही.

पप्पा डीकन झाले, म्हणजे चर्चमध्ये फादरांच्या खालची दीक्षा घेतलेला सेवक, ते साठीच्या जवळ आल्यावर, मुंबईत. लग्न झालेला माणूस डीकन होऊ शकतो हे आमच्या अर्ध्या नातेवाइकांना माहीतच नव्हतं, त्यांना वाटलं आता हे संसार सोडणार की काय! तसं काही नसतं. डीकन मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करू शकत नाही, पापनिवेदन ऐकू शकत नाही, पण बाप्तिस्मा देतो, लग्न लावतो, दफनविधी करतो, मिस्सेत शुभवर्तमान वाचतो. आणि बायकोची संमती असल्याशिवाय दीक्षा मिळतच नाही, चर्चचा नियम आहे. मम्मीने त्या कागदावर सही करायला तीन दिवस लावले होते. शेवटी म्हणाली, करते सही, पण रविवारचं जेवण घरीच. आणि पप्पांनी ते शेवटपर्यंत पाळलं, कितीही उशीर झाला तरी आम्ही त्यांच्यासाठी थांबायचो आणि ते यायचेच.

दफनाला बोलावणं आलं की रात्री-अपरात्री जायचे, घरच्यांबरोबर नुसते बसायचे. उपदेश कमी करायचे. मला लहानपणी वाटायचं त्यांना बोलता येत नाही नीट.

साखळी, होंडा, उसगाव, मग फोंड्याकडून बाणस्तारीचा पूल. शेवटच्या दिवशी पाय सुजलेले, धागे ओवलेले दोन फोड (मम्मीचा उपाय खरंच चालतो). रस्त्यात कारवारकडून आलेले लोक भेटले, सावंतवाडीचे भेटले, सगळे आपापल्या भाषेत तीच प्रार्थना म्हणत होते.

झेवियर 1542 ला गोव्यात उतरले तेव्हा ते इस्पितळात आजाऱ्यांची सेवा करायचे आणि रस्त्याने घंटा वाजवत मुलांना शिकवायला गोळा करायचे. पप्पांना हा भाग फार आवडायचा. घंटा आणि आजारी माणसं, म्हणायचे, बघ, आमच्याच ट्रेडचा माणूस.

3 तारखेला पहाटे आम्ही जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या आवारात उघड्यावर मिस्सेला उभे होतो. यंदा शवप्रदर्शन नाही, ते दहा वर्षांनी एकदा, मागचं 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालं तेव्हा पप्पा अंथरुणाला खिळलेले होते आणि आम्ही टीव्हीवर दाखवलं त्यांना. आत चांदीची पेटी उंचावर, गर्दीतून जेमतेम दिसते. मी बाटली वर धरली, का ते माहीत नाही, धरावीशी वाटली.

डीकनचा पट्टा डाव्या खांद्यावरून तिरका असतो, फादरांचा गळ्यातून सरळ. मी आल्तारावर, वेदीपाशी, तसा तिरका पट्टा शोधत होते. मिस्सेच्या शेवटी लोकांना निरोप द्यायचं काम डीकनचं असतं, "शांतीने जा" एवढंच म्हणायचं असतं. आमच्या चर्चमध्ये ते पप्पा म्हणायचे तेव्हा त्यांचा आवाज एकदम परेड ग्राउंडसारखा यायचा, मम्मी दर रविवारी त्यांना म्हणायची अहो हळू, लोक दचकतात.

बाहेर येऊन मम्मीला फोन केला. तिने आधी विचारलं मावशी पोचल्या का. मग विचारलं बाटलीत पाणी उरलंय का, मी म्हटलं थोडंसं आहे. म्हणाली, ते ओतू नकोस, घरी घेऊन ये.