साम्रदला कौलं चाळायला गेलो आणि पुढच्या सीझनचे ट्रेक ठरवून आलो

भंडारदऱ्याच्या पुढे, अकोले तालुक्याच्या अगदी टोकाला साम्रद आहे, सांदण दरीमुळे, म्हणजे कातळातल्या खोल अरुंद घळीमुळे, हे नाव आता बऱ्याच जणांना माहितीये. गावाच्या कडेला एक जुनं कौलारू घर आहे, कारवीच्या काटक्यांवर माती लिंपलेल्या कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, पुढे ओसरी आणि मागे चुलीची खोली, बस एवढंच. आमचा ट्रेकवाला ग्रुप कायम तिथेच उतरतो, त्यामुळे मे संपता संपता पावसाआधीच्या डागडुजीला हात लावायला जायचं असं ठरवलं. घरमालक मामा-मामी महादेव कोळी समाजाचे, दोघंही साठीच्या पुढचे, आणि मुलं कामाला नाशिकला असतात.

हा पट्टा म्हणजे राज्यातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या भागांपैकी एक. एकदा लागला की तो थांबतच नाही, आणि छपरात एक जागा जरी उघडी राहिली तरी कुडावरची माती धुऊन जाते, मग आतली कारवी कुजते आणि भिंतच बसते. म्हणून कौलं चाळणं हे इथलं वर्षाचं सगळ्यात महत्त्वाचं काम. नळीची कौलं वाऱ्याने आणि वानरांच्या उड्यांनी जागची हलतात, काही फुटतात, ती सगळी उतरवून, झाडून, फुटकी बाजूला काढून परत लावायची.

मामांची पद्धत बघण्यासारखी आहे. दुपारी बाराच्या सुमाराला सगळ्यांना घरात घेतलं, दार लावलं आणि म्हणाले वर बघू नका, खाली बघा. जमिनीवर जिथे जिथे उन्हाचे कवडसे पडले होते तिथे कोळशाने खूण केली आणि मग लांब काठीने आतूनच नेमकं ते कौल ढोसून दाखवलं. वर चढल्यावर प्रत्येक कौल बोटाच्या मागच्या बाजूने वाजवायचं, चांगलं असेल तर खणखणीत वाजतं आणि बारीक तडा असला तरी आवाज बद्द येतो, डोळ्याला दिसत नाही पण कानाला कळतं. लावताना पागोळीच्या, म्हणजे छपराच्या खालच्या कडेच्या बाजूने सुरुवात करून आढ्याकडे जायचं, एक उताणं एक पालथं, आणि वरच्या कौलाने खालच्याला चांगलं चार बोटं झाकलं पाहिजे. पाय कौलावर द्यायचाच नाही, खाली वासा कुठून गेलाय ते बघून त्यावर आडवी फळी टाकायची आणि फळीवर बसून सरकायचं. आणि कौल उचलताना आधी काठीने ठोकायचं, कारण खाली विंचू हमखास असतात.

खाली बाकीच्यांनी माती, तूस आणि शेण कालवून कुडाला गिलावा केला, घराभोवतीचा चर साफ केला, मामींनी ओसरी सारवून घेतली. सारवण त्यांनी आमच्या हातात दिलं नाही आणि ते बरोबरच आहे, एकसारखा हात फिरवायला वर्षं जातात. जेवायला नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि वरईचा भात.

आता ट्रेकचं. छपरावर बसलं की समोर रतनगड किल्ला आणि त्याच्या बाजूचा तो खुट्टा, म्हणजे उभा सुळका, आणि मागे वळलं की अलंग, मदन, कुलंग हे तिन्ही किल्ले. पावसाळ्यात इथे ढगात दहा फुटांवरचं दिसत नाही, दिवाळीनंतर गवत वाढलेलं असतं, पण मे मध्ये डोंगर अगदी उघडे असतात, प्रत्येक धार, प्रत्येक नाळ (डोंगरातली उभी घळ), कुठे झाडी आहे कुठे कातळ आहे सगळं मोकळं दिसतं, फक्त सकाळी नऊच्या आत बघा कारण नंतर धुरकट होतं. मामा वरूनच बोटाने वाटा दाखवत होते, ही गुरांची, ही लाकडाची, इथून गेलात तर पाणी मिळेल आणि इथून गेलात तर कड्यावर अडकाल. मॅपवर हे मिळत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की सह्याद्रीत ट्रेक ठरवायचे असतील तर उन्हाळ्याच्या शेवटी एकदा काम घेऊन जा आणि गावातल्या माणसासोबत वर बसा.

तिथे बसून जे ठरलं ते असं. ऑक्टोबरमध्ये रतनगड, पण रतनवाडीने चढून साम्रदला उतरायचं. रतनवाडीत आधी अमृतेश्वराचं देऊळ निवांत बघायचं, मग जंगलातून शिड्यांनी वर, गणेश दरवाजा, हनुमान दरवाजा, वर नेढ्यात, म्हणजे कातळाच्या आरपार भोकात बसायचं आणि त्र्यंबक दरवाजातून कातळातल्या पायऱ्यांनी खुट्ट्याच्या बाजूला उतरून थेट मामांच्या घरी. गाडी रतनवाडीला राहते तर परत जायला गावातली जीप आधीच सांगून ठेवा. डिसेंबरमध्ये कुलंग, तिथे दोर लागत नाही पण चढ लांबलचक आहे आणि दम काढतो. अलंग-मदन मात्र आम्ही अनुभवी लीडर आणि दोरांचं पूर्ण सामान असल्याशिवाय करणार नाही, तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी सरळ कातळ चढायचाय आणि खाली दरी आहे, कोणी ‘होतं रे सहज’ म्हणालं तरी ऐकू नका. सांदण पूर्ण उतरायची तर फेब्रुवारीनंतर, पाणी कमी झाल्यावर. आणि मे अखेरीला वळवाचे ढग दिसत असतील तर दरीत पाऊलच टाकू नका, वर कुठेतरी पडलेला पाऊस खाली अरुंद घळीत एकदम येतो आणि बाजूला पळायला जागा नसते.

जाणाऱ्यांसाठी थोडं. मुंबईहून कसारा लोकल, तिथून जीपने घोटी, घोटीहून शेंडी, पण शेंडीच्या पुढे साम्रदपर्यंत गाड्या कमी आहेत तर स्वतःचं वाहन असलेलं बरं. पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूरमार्गे शेंडी. पेट्रोल आणि कॅश घोटीत किंवा राजूरला घेऊन ठेवा. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, नाक्यावर वनखात्याची फी भरून पावती घ्या. मोबाइलची रेंज येते-जाते, तर लॅपटॉप घेऊन ऑफिसचं काम करायच्या भरवशावर जाऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी. एवढा पाऊस पडणाऱ्या गावात मे मध्ये बायका डोक्यावर हंडे घेऊन लांबून पाणी आणतात, हे बघून वाईट वाटतं. पिण्याचं पाणी गाडीत कॅन भरून न्या, अंघोळीचं नाव काढू नका, आणि जाताना उरलेला कॅन घरात ठेवून या. कामाला जाणार असाल तर जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी आणि ग्रिपचे बूट न्या. कौलं आणि सुतळी काय हवंय ते आधी फोन करून विचारा, आपल्या मनाने प्लॅस्टिकची ताडपत्री उचलून नेऊ नका. राहण्या-जेवणाचे पैसे काम केलं तरी पूर्ण द्यायचे, त्यात सूट मागायची नाही.

याच दिवसांत काजवे असतात, त्यामुळे वीकेंडला भंडारदऱ्याच्या रस्त्यावर प्रचंड ट्रॅफिक असतं, शक्यतो सोमवार ते गुरुवार बघा. काजव्यांच्या झाडाजवळ हेडलाइट, टॉर्च, फ्लॅश सगळं बंद, आणि झाडाखाली तुडवत फिरू नका, माद्या गवतात असतात.

ऑक्टोबरच्या रतनगडला अजून जागा आहेत, ज्यांना यायचंय त्यांनी सांगा. मागच्या खोलीचा एक वासा वाळवीने खाल्लाय, तो पावसानंतर बदलायचाय, तर ट्रेकच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत मामांकडे पोचायची तयारी ठेवा.