25 फुटांत काय घाबरायचं

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तुम्ही म्हणजे एकटे तुम्हीच नाही. विश्रामबागच्या भिशीतल्या झाडून सगळ्या, माझ्या दोन्ही नणंदा, आणि पुतण्याच्या साखरपुड्यात आइस्क्रीमची वाटी हातात घेऊन उभे असलेले एक गृहस्थ, ज्यांचं नाव मला अजून माहीत नाही पण माझी सगळी स्टोरी त्यांना पाठ होती. प्रश्न एकच. एवढं फ्लोरिडाला गेलात, समुद्राच्या तळाशी उभ्या केलेल्या येशूच्या पुतळ्यापर्यंत बोटीनं गेलात, मुलगा-सून पाठीवर सिलिंडर लावून स्कूबा करून खाली जाऊन आले आणि तुम्ही नळी तोंडात धरून वरच तरंगत बसलात? स्कूबाच्या फॉर्मवर बीपी नाही म्हणून लिहायचं की, कोण बघतंय!

आणि मग पुढचा प्रश्न येतोच, पुतळा किती खोल आहे ओ? मी सांगते 25 फूट. की लगेच, हात्तिच्या, 25 फुटांत काय घाबरायचं!

आता हे सांगलीतच होऊ शकतं. आपल्याकडे पाणी फुटांत कळतं, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 40 ला इशारा, 45 ला धोका, 2019 ला 57 पर्यंत गेलं तेव्हा आम्ही गावभागातलं घर सोडून जावेकडे राहिलो होतो. 25 फूट म्हटलं की सांगलीचा माणूस चहाचा दुसरा कप मागवतो. पण पुलावरचा आकडा नदीच्या पट्टीचा आहे, माझ्या डोक्यावरच्या पाण्याचा नाही, एवढं तरी लक्षात घ्या. समुद्रात 10 मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब दुप्पट होतो. म्हणजे 25 फुटांत पाऊणपट वाढला. कान तर पहिल्या काही फुटांतच बोंब मारायला लागतात.

पुतळ्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण निम्म्या लोकांना वाटतं की तो बुडालेल्या देवळातला वगैरे आहे. तसं काही नाही, तो मुद्दाम ठेवलाय. मूळचा इटलीत, सान फ्रुत्तुओसोच्या खाडीत. तिथं 1947 साली दारिओ गोंझाती नावाचा पाणबुड्या मेला, त्याचा दोस्त दुइलिओ मार्कांते यानं समुद्रात गेलेल्या सगळ्यांसाठी म्हणून 1954 साली हा येशू पाण्याखाली उभा करवून घेतला. शिल्पकार गुइदो गॅलेत्ती. त्याच साच्यातला एक ग्रेनाडाला गेला आणि एक फ्लोरिडाच्या की लार्गो बेटाजवळ ड्राय रॉक्स नावाच्या प्रवाळाच्या रीफवर 1965 साली बसवला. ब्राँझचा, 9 फुटांच्या आसपास, दोन्ही हात वर केलेले, तोंडही वर. (एका मावशींनी विचारलं होतं, येशूच्या पाया पडायला एवढ्या लांब कशाला, मिरजेला चर्च आहे की. त्यांना मी उत्तर दिलेलं नाही.)

आता तो फॉर्म.

दुकान म्हणजे काउंटर, मागं ओल्या रबराच्या सुटांची रांग, सगळीकडे तो वास. मुलाकडे आणि सुनेकडे आधीच सर्टिफिकेट होतं. माझं ठरलं होतं सर्टिफिकेट नसणाऱ्यांचं, सकाळी स्विमिंग पूलमध्ये शिकवणार, दुपारी इन्स्ट्रक्टरबरोबर रीफवर. काउंटरवरच्या पोरीनं टॅब हातात दिला. तब्येतीचे 10 प्रश्न, हो किंवा नाही. माझा चष्मा बॅगेत, म्हणून मुलगा वाचून दाखवायला लागला, मराठीत, घाईघाईत. 45 च्या वर आहेस? हो की, ते काय लपतंय. की त्या हो मधून अजून प्रश्न फुटले, सिगारेट, कोलेस्टेरॉल, बीपी. मुलगा स्वतःच नो, नो, नो दाबत चालला. मी म्हटलं, थांब, बीपीला काय दाबलंस?

नो.

अरे, मी गोळी घेते.

कंट्रोलमध्ये आहे ना?

आहे.

मग नो.

मी म्हटलं, तिथं कंट्रोलमध्ये आहे का असं विचारलंय का? आण इकडं. बॅगेतून चष्मा काढला, वाचलं. बीपी आहे का, एवढंच होतं. आणि खाली डॉक्टरनं लिहून दिलेलं कुठलं औषध चालू आहे का, हाही वेगळा प्रश्न होता. यातला एकही हो आला तर डॉक्टरची सही लागणार आणि सहीशिवाय पाण्यात नाही, हे त्या पोरीनं आधीच हसत हसत सांगितलं होतं. मुलाचा आवाज चढला. आई, सगळे नो लिहितात, हे कायद्यासाठी असतं, तुला काही होणार नाहीये, तू कृष्णेत पोहायला शिकलीस. मागं दोघंतिघं रांगेत. सून मध्ये पडली, आई, तुम्हाला नको असेल तर राहू दे ना. तो तिच्यावर उखडला, तिला नको आहे असं कोण म्हणालं, महिनाभर व्हिडिओ बघतीय ती. आणि मग माझ्याकडे वळून जे बोलला ते मी इथं लिहिते, कारण तेच मला लागलंय आणि भिशीत ते कुणाला सांगितलेलं नाही. म्हणाला, तुला ना आयुष्यभर कुणीतरी नाही म्हणून सांगायला लागतं, मग तू खूश.

मराठीत बोलला, त्यामुळं रांगेतल्या कुणाला कळलं नाही. मला कळलं.

मी दोन्ही ठिकाणी यस दाबलं आणि टॅब परत दिला. पोरीनं सॉरी म्हणून स्नॉर्केलिंगचा, म्हणजे नळीनं श्वास घेत वरच तरंगायचा, कागद पुढं केला, त्याला फक्त सही. मुलगा पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिला.

आता माझी बाजू. मी उभी नोकरी विमा कंपनीत केली, त्यातली बरीचशी क्लेममध्ये. कुठली कंपनी ते सोडा. पॉलिसी घेतल्यापासून तीन वर्षांच्या आत माणूस गेला (पूर्वी दोन होती) की त्याचा प्रपोजल फॉर्म बाहेर निघतो आणि औषधांची चिठ्ठी, दवाखान्याचे कागद शेजारी ठेवून बघितलं जातं. बीपी आहे का, नाही. शुगर आहे का, नाही. खाली सही. आणि चिठ्ठीवर गोळीचं नाव, तारीख पॉलिसीच्या आधीची. ती नाही-नाहीची उत्तरं कुणी लिहिलेली असतात? एजंटनं. घाईत, चहा पिता पिता, कोण बघतंय म्हणत. मग टेबलाच्या पलीकडे त्या माणसाची बायको बसलेली, जतची, तासगावची, पदर तोंडाला, आणि अलीकडे मी, तिला सांगणारी की माहिती लपवल्यामुळं क्लेम बसत नाही. ती म्हणायची, बाई, ते तर म्हणले होते काही होत नाही. हे वाक्य ऐकत मी पेन्शनला आले. आणि माझा पोरगा माझ्यासाठी नो दाबत होता, तेही मी त्यानंच काढलेल्या ट्रॅव्हल इन्शुरन्सवर तिथं राहत असताना. अमेरिकेत अ‍ॅम्ब्युलन्सचं बिल किती येतं ते एकदा विचारा आणि मग कोण बघतंय म्हणा.

बरं, तो प्रश्न उगीच नसतो. पाण्यात उतरलं की हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयावर ताण येतो, ज्यांना बीपी आहे त्यांच्या फुप्फुसात पाण्यात असतानाच पाणी भरण्याचा धोका जास्त असतो. यात भित्रेपणा कुठला आला?

हे झालं. एवढंच असतं तर बरं झालं असतं.

पण तारकर्ली आहे ना. आमच्या भिशीची ट्रिप गेली होती, फोंडा घाटातून, गाडीत भडंग आणि अंताक्षरी, तिथं मी स्कूबा केलेलं आहे आणि त्याचा व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी बघितलाय, अंगठा वगैरे दाखवतीय मी. तिथंही कागद होता. बोटीत, वारा सुटलेला, एकीच्या पाठीवर कागद ठेवून दुसरी सही करत होती, मीही केली, न वाचता. तेव्हाही गोळी चालूच होती. नणंदबाईंनी हे बरोबर पकडलं, तारकर्लीला कुठं गेला होता गं तुझा विमा? आता काय सांगू. तेव्हाची मी म्हणेल की पाणी थोडंच होतं, त्या मालवणी पोरानं सिलिंडरला धरून मला गाठोड्यासारखं सगळीकडे फिरवलं, मला फक्त श्वास घ्यायचा होता, आणि मजा आली, खरंच आली. आत्ताची मी तिला म्हणते की तुझं नशीब. ती म्हणते, आणि तुझं काय, तू वर राहून काय मिळवलंस? यावर माझ्याकडे रोज वेगळं उत्तर असतं.

अजून एक. ज्या पाण्यात हृदयावर ताण येतो, ते पाणी स्नॉर्केलिंगलाही तेच आहे. वर तरंगताना रक्त काही हातापायांतच थांबत नाही. लोक स्नॉर्केलिंग करतानाही जातात, माझ्या वयाचे तर जातातच. म्हणजे मला खरोखर तब्येतीचीच काळजी असती तर मी बोटीतच टोपी घालून बसले असते. हा मुद्दा अजून कुणी काढलेला नाही, मीच काढून देते, घ्या. आणि आदल्या रात्री मला झोप नव्हती हेही घ्या. नाक बंद आणि सगळा जीव तोंडातल्या एका रबरी तुकड्यावर, हे तारकर्लीच्या व्हिडिओत दिसत नाही पण मला आठवत होतं. टॅबवर तो प्रश्न वाचला तेव्हा मला राग आला की हायसं वाटलं? दोन्ही. कुठलं आधी ते मला सांगता येत नाही आणि मुलाला तेवढंच हवंय.

बोटीत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. ड्राय रॉक्सला नांगर टाकत नाहीत, प्रवाळ मोडतात म्हणून, तिथं आधीच बांधलेल्या तरंगत्या बोयांना दोर लावतात. ते दोघं पाठीवर सिलिंडर घेऊन एक पाऊल पुढं टाकून धप्पकन गेले. मी शिडीनं, फुगवायचं जॅकेट गळ्यात. लाटा होत्या, पहिल्याच झटक्यात नळीत खारं पाणी, थुंकलं, परत तोंड खाली घातलं.

आधी त्याचे पंजे दिसले. दोन उघडे पंजे, माझ्यापासून दहाएक फुटांवर, माझ्याच दिशेनं. मग तोंड. हिरवट, त्यावर राईच्या रंगाचे थर, ते फायर कोरल, हात लागला तर आग होते, म्हणून पुतळ्याला कुणी शिवायचं नाही. बाजूला मेंदूसारख्या वळ्यांचे प्रवाळाचे गोळे, माणूस मागं लपेल एवढे. पट्ट्यापट्ट्यांचे मासे त्याच्या काखेतून ये-जा करत होते. खूप प्रवाळ मेलेलंही होतं, पांढरट-करडं, 2023 च्या उन्हाळ्यात तिथलं पाणी इतकं तापलं होतं की एका उथळ खाडीत 38 अंशांच्या वर गेलं होतं.

आणि मला जे वाटलं ते असं की हा बघतोय वर. खाली गेलेले लोक त्याच्या छातीजवळ, कमरेजवळ, मागून, फोटो काढत फिरतात, तो त्यांच्याकडे बघतच नाही. मी बरोबर त्याच्या तोंडावर. समुद्रात गेलेल्यांसाठी केलेला पुतळा आणि वर कोण असतं, जो अजून गेलेला नाही तो. मला एकदम ब्रह्मनाळ आठवलं, 2019 च्या पुरात तिथं बोट उलटून माणसं बुडाली ते. माझ्या गळ्यात जॅकेट होतं.

हे मी घरी आल्यावर लोकांना सांगायचे, की वरूनच खरा दिसतो, तो वरच्यांसाठीच आहे. आता सांगत नाही. कारण सुनेनं शांतपणे विचारलं, आई, खालून तुम्ही कुठं बघितलाय? ती म्हणाली, खालून बघितलं की त्याच्या हातांच्या वर पाण्याचं चकाकतं छत असतं आणि त्यात तुम्ही होता, काळ्या, हातपाय पसरलेल्या. तो फोटो तिनं काढलाय. मी दिसते पण ओळखू येत नाही, म्हणून तो तुम्हाला पाठवलेला नाही, फोटो का नाही याचंही उत्तर झालं.

मुलगा खालून वर बघत होता. त्याच्या श्वासाचे बुडबुडे वर येता येता पापडासारखे पसरून माझ्या मास्कवर फुटत होते. त्यानं बोटांचं गोल करून ओके केलं. मीही केलं. पाण्यात तेवढंच बोलता येतं, त्यामुळं भांडण मिटलं असं कुणी समजू नका, परतीच्या बोटीत त्यानं मला संत्र्याची फोड दिली आणि म्हणाला, पुढच्या वेळी डॉक्टरचं लेटर घेऊन ये.

परत आल्यावर मिरजेला डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, असं पत्र मी आजवर कुणाला दिलेलं नाही, आधी हृदयाची स्ट्रेस टेस्ट करा, मग बघू. चिठ्ठी लिहून दिली. ती फ्रिजवर लावलीय, मुलगा व्हिडिओ कॉलवर विचारतो, केलीस का टेस्ट, मी म्हणते लग्नसराई संपू दे. तो म्हणतो, बघ, मी म्हटलं नव्हतं? आणि मी फोन ह्यांच्याकडे देते.