आरशांच्या कोड्याचे सहा थर

मोबाइलवरील कोड्यांच्या खेळासाठी संगीत करताना पहिली अट अशी की ते पुढे पुढे करू नये; एकाच पातळीवर अर्धा तास अडकलेल्या माणसाला ठळक चाल लवकरच नकोशी होते. आरसे फिरवून प्रकाशाचा किरण वळवायच्या कोड्यासाठी मी मिनिटाला ७२ मात्रांच्या लयीत ९६ मात्रांचे, म्हणजे ८० सेकंदांचे आवर्तन बांधले आणि त्याचे सहा थर, म्हणजे एकावर एक चढणारे वाद्यांचे सहा पदर केले. आरसा योग्य कोनात आला की पुढच्या बारच्या, म्हणजे मात्रांच्या ठरावीक गटाच्या, पहिल्या मात्रेवर एक थर मिसळावा, अशी योजना होती. थर कोणत्याही क्रमाने येणार असल्याने सारे स्वर भूप रागातले घेतले. मध्यम आणि निषाद वर्ज्य असल्यामुळे अर्ध्या स्वराची टक्कर होत नाही. शेवटच्या स्वराचे गुंजन पुढच्या आवर्तनाच्या आरंभावर अलगद चढवले आणि एमपीथ्रीमुळे सांध्यात पडणारी बारीक फट टाळण्यासाठी ऑग या दुसऱ्या ध्वनिप्रकारातल्या फाइली वापरल्या. बैठकीत ‘जरा कॅची करा’ म्हणणाऱ्यांना यातले काहीही ऐकू येत नाही.

चाचणीच्या दिवशी एका विद्यार्थिनीने हेडफोन लावले आणि थोड्या वेळाने प्रकाशाच्या किरणाकडे पाहणेच सोडले. ती आरसा एक खाच फिरवी, बार संपेपर्यंत थांबे आणि नवे वाद्य आले नाही तर पुढची खाच घेई. सहा आरसे, प्रत्येकाचे आठ कोन, म्हणजे एकूण २,६२,१४४ मांडण्या. एकेक आरसा वेगळा तपासता येत असल्याने तिला फार तर ४८ तपासायच्या होत्या. कोडे रचणारा सहकारी उखडला, “अहो, तुमचं संगीत पेपर फोडतंय!” निर्मात्याने थर वेळेनुसार बदलावेत असे सुचवून टेट्रिसचा दाखला दिला. निन्टेंडोच्या १९८९ च्या घरगुती कन्सोलवरील टेट्रिसमध्ये ढीग वर पोचू लागला की लय वाढते हे खरे, पण तिथे घाई हाच खेळ आहे. आमच्या खेळात मुळी घड्याळच नाही.

शेवटी कोन बरोबर असो वा चूक, किरण जितक्या आरशांना स्पर्श करील तितके थर वाजावेत, असे ठरले. पुढच्या चाचण्या सुरळीत झाल्या, तरी मला ते पुरते पटलेले नाही. एकेका आरशाचा निकाल स्वतंत्रपणे लागत असेल, तर कच्चेपणा कोड्याच्या रचनेतही आहे, आणि तो संगीताने फक्त उघड केला. कान लावूनच सोडवायच्या काही पातळ्या मुद्दाम रचाव्यात, असे मी सहकाऱ्याला सुचवले आहे. आवाज बंद ठेवून खेळणाऱ्यांचे काय करायचे, या त्याच्या प्रश्नावर आमचे घोडे अडले आहे.