सातवी 'ब'ची शब्दवही

सातवी ब ला मराठी शिकवणाऱ्या बाईंनी आमच्याकडून प्रत्यय पाठ करून घेतलेच नाहीत. त्या म्हणाल्या वर्गाची एक वही करा, ज्याला सुचेल त्यानं त्यात नवा शब्द आणि त्याचा अर्थ लिहायचा, पण शब्द ऐकून समोरच्याला निम्मा अर्थ तरी लागला पाहिजे, आणि मधल्या सुट्टीत दुसऱ्या कोणी तो आपणहून वापरला तरच पक्का, नाहीतर लाल पेननं काट.

मग काय, सगळे सुटलेच. झोपाळू, लाजाळूवरून 'घंटाळू' निघाला, म्हणजे तास संपायच्या आधीच दप्तर भरून बसलेला. सत्याग्रहावरून 'पंखाग्रह', पंख्याखालच्याच बाकावर बसायचा हट्ट, सोलापूरचा एप्रिल ज्यांनी काढलाय त्यांना जास्त सांगायला नको. 'गड्डाताप' (गड्डा म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा) तर बाकीच्या तुकड्यांनी पण उचलला: संक्रांतीच्या सुमाराला सकाळी चढणारा आणि संध्याकाळी होम मैदानावर पाळण्यात बसलं की उतरणारा. अकारांत, इकारांत शिकवून झाल्यावर मागच्या बाकावरून 'बेकारांत' आला, ज्या वाक्याच्या शेवटी बे येतं ते, उदा. काय करायलास बे. बाईंनी तो फळ्यावर लिहिला आणि नियम बरोबर लावलाय म्हणाल्या.

पण मला सगळ्यात आवडतो तो 'मागजाग'. शहराच्या पूर्व भागातला आमचा एक मित्र, घरी तेलुगू, वर्गात मराठी बोलताना जरा बुजायचा, त्याच्या घराला लागूनच पावरलूमचा कारखाना. त्यानं लिहिलं, 'रात्री लाईट जाऊन माग थांबले की घरातल्या सगळ्यांना एकदम येणारी जाग'. बाईंनी विचारलं, रात्रीच का रे? तर तो म्हणाला वडील रात्रपाळी करून दिवसा झोपतात, त्यांना पण येते. लगेच 'रात्री' खोडलं. खटखट चालू असताना झोप आणि बंद पडली की जाग, हे आम्हा बाकीच्यांना माहीतच नव्हतं, आणि त्या दिवसानंतर तो वर्गात मोकळेपणानं बोलायला लागला.

दिनांक, क्रमांक, महापौर हे शब्द सावरकरांनी दिले हे पण बाईंनीच सांगितलं, आणि हुतात्मा पण त्यांचाच. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, आमच्या गावचे चार हुतात्मे, त्यांच्या पुतळ्यांवरून येता जाता सायकल मारायचो पण हा शब्द कोणीतरी कधीतरी पहिल्यांदा लिहिला असेल असं मनात सुद्धा आलं नव्हतं. सावरकरांनीच फाउंटन पेनला झरणी सुचवला होता, किती गोड शब्द, पण लोक पेनच म्हणत राहिले. बाईंची मधल्या सुट्टीची अट कशासाठी होती ते मला तेव्हा समजलं.

ती वही मी शेवटची पाहिली दहावीच्या निरोप समारंभात, हातोहात फिरत होती. ज्याच्या कोणाच्या माळ्यावर असेल त्यानं शाळेच्या महोत्सवाला नक्की आणा, कव्हर फाटलेलं असलं तरी चालेल, आणि आत्ताच्या सातवी ब ला द्या, मागची बरीच पानं कोरी आहेत.