आमची वाटचाल: बंदुका विकता विकता सांभाळायला लागलो

कोल्हापुरात आजोबांनी दुकान टाकलं तेव्हा गिऱ्हाईक शिकारीचं. वाड्यावाड्यांतून बर्मिंगहॅमच्या दुनळ्या यायच्या, ग्रीनर म्हणू नका, वेब्ली स्कॉट म्हणू नका, आणि डागडुजी होऊन काडतुसांच्या खोक्यांसकट परत जायच्या. 1972 चा वन्यजीव कायदा आला, शिकार बंद होत गेली आणि वडिलांच्या हाती निम्मंच दुकान आलं. पुढची वर्षं निघाली ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यांवर. आजरा, चंदगड, घाटाखालची सावंतवाडी. रानडुकरांनी आपलं घर चालवलं, असं आई अजून म्हणते.

वाड्यांतल्या दुनळ्या पेटीत पडून राहिल्या. वापरून बंदूक खराब होते त्याहून जास्त पडून होते, हे आम्ही त्या पेट्या उघडून शिकलो. चामड्याची देखणी पेटी, आत लाल बनात, पितळी कुलूप, आणि बनातीला टेकलेल्या बाजूनं नळीवर तांबूस बुरा. चामडं पावसाळ्यात ओल पितं आणि सगळी लोखंडाला देतं. त्यातून कमावतानाचे क्षार वेगळेच. ती पेटी प्रवासासाठी असते, मुक्कामाला नव्हे.

दुसरा शत्रू सांगायला संकोच वाटतो, पण खंडेनवमी. पूजेत नळीवर ओल्या गंधाचं बोट, वर कुंकू. पूजा झाली की बंदूक तशीच कपाटात. पुढच्या वर्षी बरोबर त्याच ठिकाणी नखाएवढा गंज. लोक वरून खोबरेल चोळून आणायचे. ते खवट झालं की चिकट होतं, आणि घामाचे किंवा जुन्या काडतुसांच्या, बार पेटवणाऱ्या टोप्यांचे क्षार तेलात विरघळतच नाहीत. ते पाण्यानं धुवावे लागतात. बंदूक गरम पाण्यानं धुवा म्हटलं की गिऱ्हाईक आमच्याकडे संशयानं बघतं!

मी नवा असताना एक दुनळी कायमची बिघडवली. नळ्यांचा काळा रंग उडाला होता. जुनी रीत वेळखाऊ: औषध लावून मुद्दाम गंज चढवायचा, नळ्या पाण्यात उकळायच्या म्हणजे तांबडा गंज काळा होतो, बारीक तारेनं घासायचं, पुन्हा तेच, आठवडाभर. मी घाई केली आणि एका कारखान्यात कॉस्टिकच्या गरम हौदात बुडवून आणल्या. दिसायला झकास. पण दोन नळ्यांमधली पट्टी शिशाच्या डाखानं बसवलेली असते आणि कॉस्टिक तो डाख खातं. वडिलांनी नळ्या दोरीला टांगल्या आणि बोटाच्या पेरानं ठोकल्या. चांगल्या नळ्या घंटेसारख्या वाजतात. या फुटक्या मडक्यासारख्या वाजल्या. पट्टीखाली अडकलेल्या क्षारांनी वर्षभरात आतून गंज काढला तो निराळाच. वडील काही बोलले नाहीत, दोरी मात्र त्यांनी तशीच खुंटीला ठेवली. अजून तिथंच आहे.

सांभाळण्याचा धंदा खरा उभा राहिला 2019 मध्ये. लोकसभा निवडणुकीच्या काळापुरत्या आमच्याकडे जमा झालेल्या काही बंदुका परत न्यायला मालक आलेच नव्हते. ऑगस्टमध्ये महापूर आला. दुकान उंचावर, पाणी उंबऱ्यालाही शिवलं नाही. पण वीज गेली, कपाटातला हीटर रॉड बंद पडला आणि बंद दाराआड नळ्यांना घाम फुटला. कपाट उघडलं तेव्हा सात नळ्यांवर पिठासारखा गंज होता. वरवरचा होता म्हणून तेल आणि मऊ तारेनं निघाला. डिसेंबरात शस्त्र कायदा बदलला, एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं राहिली आणि तिसरं आमच्याकडे यायला लागलं. मालक गेलेले, वारसाचा परवाना व्हायचाय, मुलगा परदेशात, अशाही बंदुका आल्या.

आता आम्ही विजेवर विसंबत नाही. बंदूक खोलून नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा. लोखंडाला संग्रहालयांत वापरतात तसलं मेण, अगदी पातळ. हात सुती मोज्यात. उभी ठेवायचीच तर तोंड खाली, नाहीतर तेल उतरून दस्त्याच्या मानेत मुरतं आणि अक्रोडाचं लाकूड काळं, मऊ पडतं. कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या. निळे खडे गुलाबी झाले की भट्टीत तापवायचे. दमटपणा पन्नास टक्क्यांच्या आसपास. त्याहून फार कमी केला तर लाकूड तडकतं. दर महिन्याला प्रत्येक नळी उजेडात धरून बघतो. एवढ्या बंदुकांचा सबंध दिवस जातो, आणि त्या दिवशी विक्री जवळजवळ शून्य असते.

एका ठेवीदाराच्या पत्नी दर खंडेनवमीला येतात. बंदुकीला हात लावू देत नाही हे त्यांना पटलंय, म्हणून त्या कपाटाच्या दारालाच गंध-कुंकू लावतात. तिथला रंग उडून पत्रा गंजायला लागलाय. दिवाळीआधी मी रंगाचा एक हात मारून घेतो.