दाराचा पडदा

दिवाळी बारा-तेरा दिवसांवर आली होती. आमच्या लालबागच्या दुकानात कापडाच्या ताग्यांमधून वाट काढत गल्ल्यापर्यंत जावं लागत होतं. त्यात फोन आला, ‘वरळीला बीडीडीत नवीन घर मिळालंय, पडदे दिवाळीच्या आत हवेत.’ एरवी मापं घ्यायला मी मुलाला पाठवते. पण तो ठाण्याला फिटिंगला गेला होता आणि बीडीडी म्हटल्यावर मलाच जावंसं वाटलं. माझी मावशी नायगावच्या बीडीडी चाळीत राहायची. उन्हाळ्याच्या सगळ्या सुट्ट्या मी तिथे काढल्यात.

ज्यांनी त्या खोल्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920च्या दशकात बांधलेल्या त्या चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, मधून लांबलचक कॉरिडॉर आणि सामायिक संडास. खोली 160 चौरस फुटांची. त्यात सात-आठ माणसं, एक कॉट, मोरी, कपाट, ट्रंका, दोरीवरचे कपडे आणि गणपतीत पाहुणे. आता त्यांचा पुनर्विकास चाललाय. वरळीच्या पहिल्या 556 कुटुंबांना 2025च्या ऑगस्टमध्ये नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर 500 चौरस फुटांचं, संडास-बाथरूम घरातच. ज्या बायकांनी जन्मभर पहाटे डबा घेऊन रांग लावली त्यांच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मी वेगळं सांगायला नको.

घर एकविसाव्या मजल्यावर होतं. दार वहिनींनी उघडलं आणि मी आत पाऊल टाकणार तोच थबकले. दाराच्या आत, चपलांच्या रॅकला लागून, चटई टाकून एक आजी बसल्या होत्या. नऊवारी, हातात लसणाची परडी. मला बघून त्यांनी पाय जवळ घेतले आणि म्हणाल्या, “ये बाय, ये. वलांडून ये.”

वहिनी ओशाळल्या. आत गेल्यावर हळूच म्हणाल्या, “दोन महिने झाले, आई तिथेच बसतात. झोपतातही तिथेच. त्यांना स्वतंत्र खोली दिलीये हो. पलंग नवीन, गादी नवीन. लोकांना वाटतं आम्हीच त्यांना दारात बसवतोय.” बोलता बोलता त्यांचा गळा दाटून आला.

घर खरोखर छान केलं होतं. पांढऱ्या चकचकीत टाइल्स, पांढऱ्या भिंती, फॉल्स सीलिंगमध्ये पांढरे एलईडी. वहिनींना हॉलला पांढरी जाळीदार शिअर, म्हणजे झिरझिरीत पडदे हवे होते, बेडरूमना राखाडी. मी मापं घेतली. आजींच्या खोलीची खिडकी सहा फुटी. पडद्याला नीट चुणी पडायची तर खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट कापड लागतं. 54 इंच पन्ह्याचे तीन पॅनल धरले तर 162 इंच, म्हणजे सव्वादोन पट. वहिनी म्हणाल्या, “दोनच करा ना, बजेट संपलंय.” मीही हो म्हटलं. गिऱ्हाईक म्हणेल ते लिहून घ्यायचं, ही सवयच झालेली असते. माझं तिथे चुकत होतं.

निघता निघता मी आजींच्या शेजारी टेकले. म्हटलं, “आजी, एवढी हवेशीर खोली आहे, तिथे का नाही झोपत?”

त्या थोडा वेळ लसूण सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, “तिथं बोललं की आपलाच आवाज परत येतोय. रात्री खोकले तरी कुणी दुसरंच खोकल्यागत वाटतंय. भ्या वाटतंय बाय.”

मी उठले आणि त्यांच्या खोलीत जाऊन टाळी वाजवली. झणझणीत टाळी भिंतीभिंतीवर आपटून परत आली. एकोणीस वर्षं मी पडदे विकतेय. कापड आवाज शोषतं हे मला ठाऊक आहे, हॉलमध्ये होम थिएटर लावणाऱ्यांना मी जाड कापड आणि भरपूर चुण्या घ्यायला सांगते. आवाज गुळगुळीत, टणक पृष्ठभागावर आपटला की उलटतो आणि चुण्यांमध्ये शिरला की तिथेच विरतो. पण म्हाताऱ्या माणसाला झोप लागत नाही त्याचं कारण हे असेल, असं कधी डोक्यात आलं नव्हतं. चाळीच्या खोलीत आवाज परत यायला जागाच कुठे होती? दोरीवर लुगडी, कॉटवर अंथरुणांची चळत, भिंतीला कपड्यांच्या खुंट्या, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा कुकर.

“जुनी अंथरुणं कुठे आहेत?” मी विचारलं.

वहिनींनी ड्राय बाल्कनीतली दोन गोणपाटं दाखवली. टाकवली नव्हती, पण नव्या घरात बाहेरही काढली नव्हती. आत अकरा वाकळा निघाल्या. आजींचं माहेर साताऱ्याकडचं, तिकडे गोधडीला वाकळच म्हणतात. मी एक उलगडून गुडघ्यावर घेतली. वर जांभळं इरकल लुगडं, विटून वांग्याच्या रंगाचं झालेलं. एका कोपऱ्यात ते विरलं होतं, तिथून खालचं धोतर दिसत होतं आणि धोतराच्याही खाली कुणाच्या तरी शाळेच्या गणवेशाची खाकी. धावदोरा कडेपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन करत मधोमध येऊन थांबलेला. टाके बोटाच्या अर्ध्या पेराएवढे, सगळे सारखे. इतका सरळ दोरा आमच्या मशीनवरचे कारागीरही रोज घालत नाहीत. हे मी आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “दोन पाळ्यांच्या मधी शिवायची. मालक गिरणीतनं यायच्या आत उचलाय लागायचं, न्हाईतर त्यांनी झोपायचं कुठं?”

मग मी वहिनींना विचारलं, “थोडं सामान हलवलं तर चालेल?” नातू कॉलेजातून आला होता. पलंग खोलीच्या मधोमध, खिडकीखाली डोकं आणि तिन्ही बाजू मोकळ्या, असा ठेवला होता. मासिकांतल्या चित्रात तो छान दिसतो. पण जन्मभर भिंतीला पाठ लावून, लेकराला कुशीत घेऊन झोपलेलं माणूस चहूबाजूंनी उघडं पडलं की निजेल कसं? आम्ही तिघांनी पलंग कोपऱ्यात ढकलला, दोन बाजूंना भिंत आली. दोन वाकळा फरशीवर, एक पलंगालगतच्या भिंतीवर पाठीच्या उंचीला, बाकीच्या पायथ्याशी घडी घालून, जशी चाळीत चळत असते तशी.

उजेडाचंही बघायला हवं होतं. छतातले दिवे 6500 केल्विनचे, म्हणजे थंड पांढऱ्या उजेडाचे, दुकानात कापडाचा रंग पारखायला लावतात तसे. जुना तारेचा बल्ब 2700च्या आसपास असतो, म्हणून तो पिवळसर वाटतो. आजी म्हणाल्या, “आमच्याकडं झोपायच्या टायमाला झिरोचा बल्ब असायचा.” नातू खाली जाऊन पाच वॅटचा वॉर्म व्हाइट बल्ब घेऊन आला. टेबललॅम्प त्याच्या अभ्यासाचाच होता, तोच उशाशी ठेवला.

मी परत टाळी वाजवली. आवाज टाळीपुरताच राहिला. आजींना बोलावलं तर त्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या आणि काही न म्हणता नुसत्या खोकल्या, मुद्दाम. मग आत येऊन पलंगावर बसल्या आणि भिंतीवरच्या वाकळेला पाठ टेकली.

त्या खोलीला तीन पॅनल, अस्तरासकट, असं मी वहिनींना स्पष्टच सांगितलं. हॉलचं कापड हलकं घेऊन हिशोब बसवला. राखाडीऐवजी आजींनी ताग्यांच्या नमुन्यातला विटकरी रंग निवडला.

पावती लिहीत होते तेव्हा त्या म्हणाल्या, “आणि दाराला?”

“कुठल्या दाराला, आजी?”

“म्होरल्या.”

आजींचा मुलगा तोवर कामावरून आला होता. तो म्हणाला, “आई, फ्लॅटमध्ये दाराला पडदा नाही लावत कुणी. इथे दार बंदच ठेवतात.” आजी गप्प झाल्या. मला मात्र मावशीचं दार आठवलं. दिवसभर सताड उघडं आणि समोर स्प्रिंगवर लावलेला फुलाफुलांचा पडदा. मी त्यांना म्हटलं, “दादा, आई दारात बसतात ते खोली आवडत नाही म्हणून एवढंच नाही. त्यांना बाहेर कोण येतं-जातं ते कळायला हवंय. बाहेर तुमचं सेफ्टी डोअर आहे. त्याला कडी घालून दिवसा आतलं दार उघडं ठेवलंत आणि पडदा सोडलात तर काय बिघडलं?” त्यांनी बायकोकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, “लावू या हो.”

आठ दिवसांनी मी स्वतःच फिटिंगला गेले. वहिनी म्हणाल्या, आजी आता खोलीत झोपतात. पहाटे चारला उठून दाराशी येतात, पण झोपतात खोलीत. खिडक्यांचं काम तासाभरात उरकलं. दाराचा पडदा मी जमिनीपासून दोन बोटं वर, अगदी पद्धतशीर शिवून आणला होता. स्प्रिंग ताणली, हुक अडकवले, पडदा सरळ पडला.

आजींनी तो बसल्या जागेवरून पाहिला. “लांब झालाय,” म्हणाल्या. “दीड वीत वर घे.”

“आजी, आखूड दिसेल.”

“आगं, पाय दिसाय नकोत? पाय दिसलं की कोण आलंय ते कळतं.”

मी तिथेच, त्यांच्या चटईवर बसून खालची पट्टी उसवली. त्यांनी वीत लावून खूण केली, मी खडूने रेघ मारली आणि टीप घालायला मशीन नव्हतं म्हणून हातानेच धावदोरा घालायला लागले. पडदा अर्धा त्यांच्या मांडीवर, अर्धा माझ्या. पलीकडून त्यांनीही सुई ओवून घेतली. दोघींचे टाके मधे भेटले तेव्हा त्यांचा दोरा माझ्यापेक्षा सरळ होता.

पडदा पुन्हा चढवला. लिफ्ट वाजली. पडद्याखाली, जाळीच्या पलीकडे दोन पाय येऊन थांबले, जोडव्यांचे, टाचा भेगाळलेल्या, पायांत निळ्या स्लिपर. आजींनी मान वर केली नाही. सुई परडीत खोचत म्हणाल्या, “ये गं शेवंते, कडी लावलीया, थांब.”