"ट्रिप कॅन्सल करा, कॅश द्या"

पुण्यातल्या वाकडहून ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीने मुंबईकडे निघताना हे वाक्य हमखास कानावर येतं: "मॅडम, ट्रिप कॅन्सल करा ना, ॲपवर दिसतंय त्यापेक्षा दोनशे कमी द्या." ड्रायव्हरचं कमिशन वाचतं, पैसे लगेच हातात पडतात, आपलेही दोनशे वाचतात. हिशोब दोघांनाही पटतो. फक्त त्यात अपघात धरलेला नसतो.

ओटीपी टाकल्यापासून उतरेपर्यंत कोणती गाडी, कोणाचा आयडी, कोणता रस्ता हे सगळं कंपनीकडे नोंदलं जातं. रद्द केलेल्या ट्रिपवर नुसतं 'रद्द' राहतं. नंतर गाडी कुठे गेली हे कंपनी सांगू शकत नाही, आणि जबाबदारीचा प्रश्न आला की "आमची ट्रिपच नव्हती" म्हणायला मोकळी होते. ॲपमधलं सुरक्षा बटणही चालू ट्रिपशी जोडलेलं असतं. नव्या टॅक्सींमध्ये 1 जानेवारी 2019 पासून ट्रॅकर आणि पॅनिक बटण सक्तीचं आहे (रिक्षांना सूट आहे), पण ते चालू आहे की शोभेला आहे हे नुसतं बघून कळत नाही. त्यामुळे 112 लावायची तयारी ठेवाच.

ड्रायव्हरचं नुकसान याहून मोठं, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार कंपनीने प्रत्येक ड्रायव्हरला किमान 5 लाखांचा आरोग्य विमा आणि 10 लाखांचा मुदत विमा द्यायचा असतो. कंपन्यांचं अपघाती कवच मात्र बहुधा चालू ट्रिपपुरतंच असतं. शिवाय प्रवाशाने उद्या खोटी तक्रार केली, तर ठरलेल्या रस्त्यानेच गेलो हे दाखवायला ड्रायव्हरकडेही काही उरत नाही. भावाला किंवा मित्राला आयडी देऊन गाडी चालवायला लावणाऱ्यांचं तर बोलायलाच नको.

गाडीत बसण्याआधी नंबर जुळवायचा हे सगळ्यांना माहीत आहे. प्लेटचा रंग कोणी बघत नाही. टॅक्सीची प्लेट पिवळी, अक्षरं काळी. इलेक्ट्रिक टॅक्सीची हिरवी, अक्षरं पिवळी. पांढऱ्या प्लेटची गाडी म्हणजे खासगी. तिने भाड्याची ट्रिप मारली तर परमिट नसल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम 192अ खाली पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड आहे. खरी अडचण विम्याची. पॉलिसी खासगी वापराची असल्याने विमा कंपनी अटभंगाचा मुद्दा काढते. अनेकदा मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आधी विमा कंपनीला भरपाई द्यायला लावतं आणि नंतर ती मालकाकडून वसूल करू देतं, पण त्यात वर्षं जातात. सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की विमा आणि फिटनेसची मुदत दिसते. मिनिटभराचं काम आहे, आणि दूरच्या प्रवासाला ते कराच.

अपघात झालाच तर आधी 108. गाड्या हलवण्याआधी फोटो काढा: दोन्ही नंबरप्लेट, रस्त्यावरच्या खुणा, जवळचा किलोमीटरचा दगड. ॲपवरच्या ट्रिपचा स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा. जखमीला उपचार मिळवून देणं आणि 24 तासांत पोलिसांना कळवणं ही कलम 134 नुसार ड्रायव्हरची जबाबदारी आहे. घाबरून पळून गेला तर साध्या निष्काळजीपणाच्या गुन्ह्याला आणखी गुन्हे जोडले जातात. जमावाची भीती खरी असते, अशा वेळी थेट जवळचं पोलीस ठाणं गाठावं.

पोलिसांनी पहिला अपघात अहवाल 48 तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. तो गेला का, हे ठाण्यात जाऊन विचारा. दाव्यासाठी कायद्यात 6 महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कोणी राहू नये. अर्ज तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो. अपघात खालापूरजवळ झाला म्हणून पुण्याच्या माणसाने रायगडात खेटे घालायची गरज नाही.